काकांचं नाक आणि चिकटलेलं दार

आमचे काका घरं रंगवतात, आणि नाकाने रंगवतात. ब्रश हातात असतो, पण सगळा कारभार नाकाकडे. भिंतीला नाक लावून "हंऽऽ" असा लांब श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "ओला आहे." किंवा, "झाला. कपाट लावा." बोट लावून बघणारे त्यांच्या लेखी नवशिके. शेवटची परीक्षा तर ठरलेलीच. दार-खिडकी घट्ट लावून आत एकट्याने उभं राहायचं. वास आला नाही, तरच काम संपलं.

हे नाक यंदा बेकार झालं. रंगातून किती वाफा हवेत जाव्यात, यावर सरकारने मर्यादा घातली. दुकानदाराने काकांचा लाडका तेलरंग फळीवरून काढला आणि पाण्यात कालवायचा नवा डबा पुढे सरकवला.

काका डब्यात डोकावले. "याला वासच नाही! मेलेला रंग देतोस की काय?"

"रंग जिवंत आहे, काका. माणसंही राहावीत म्हणून नियम केलाय."

काका एरवी डबा न घेताच निघून आले असते. पण ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, फोनवर दम भरला होता. "बाबा, मागच्या वेळी तुम्ही रंगवलेल्या माझ्या खोलीत माझं डोकं भणभणलं. पुन्हा तसाच वास असला तर बाळाला घेऊन उंबऱ्यावरूनच परत जाईन." नातीला काकांनी अजून फोनवरच पाहिलं होतं. डबा मुकाट्याने घरी आला.

ताई यायच्या सकाळी काकांनी त्या खोलीच्या दाराला, खिडकीला आणि चौकटींना शेवटचा हात मारला. नाक लावलं. हंऽऽ. काहीच नाही. "वाळला!" लगेच दार-खिडकी बंद करून परीक्षेला उभे. परीक्षा झाली, दार ओढतात तर ते चौकटीला गच्च चिकटलेलं. खिडकीही तशीच.

"अगं, ऐकतेस का?"

"आधी बाहेर या, मग ऐकते," काकू म्हणाल्या.

"तेच तर येता येत नाहीये!"

काकू हसून हसून खाली बसल्या. तेवढ्यात ताई बाळाला घेऊन आली. बाबा ओल्या रंगाच्या बंद खोलीत आहेत हे कळताच तिचा चेहरा उतरला.

"बाबा, गरगरतंय का? खरं सांगा."

ऐट बाजूला ठेवून काका आतून म्हणाले, "नाही गं. आज काहीच होत नाहीये. आधी व्हायचं. रोज."

"तुम्ही तर म्हणायचात, ऊन बाधलं!"

"घराच्या आत कुठलं आलंय ऊन, पोरी?"

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी सुरी आणून फटीतून फिरवली, बाळाला घेतलं, ताईने खांदा लावला. चर्रकन दार सुटलं, रंगाच्या सालीसकट. मग बापलेकीने मिळून खिडकी सोडवली. ताईने खोलीच्या मधोमध उभं राहून श्वास घेतला. हंऽऽ. हुबेहूब बापासारखा. काका निकालाची वाट बघत उभे.

"वास कमी म्हणजे वाफा नाहीतच असं नाही," ती म्हणाली. "दोन दिवस खिडकी उघडी ठेवा. तोवर आम्ही बाहेरच्या खोलीत झोपू."

"म्हणजे राहणार?"

तिने काकूंकडून बाळ घेऊन त्यांच्यापुढे धरलं. काकांनी झटकन हात मागे घेतले. "थांब, थांब, रंगाचे आहेत!" आणि पळाले मोरीकडे.

तिथून त्यांचा आवाज आला, "अगं, हात धुवायला टर्पेंटाइन नको, काही नको! नुसत्या पाण्याने निघतोय!"