खंडेनवमीला काढलेली पट्टी

खरं सांगते, त्या महिन्यात माझी भिस्त देवीपेक्षा मोबाईलवर जास्त होती. ह्यांचं हृदय कमजोर झालेलं. दवाखान्यानं छातीला एक पट्टी चिकटवून दिली होती. ठोके मोबाईलवर दिसायचे आणि तिथून दवाखान्यात कळायचे. काही बिघडलं की तिकडून फोन येणार. घरात घट बसले, माळा चढल्या, पण माझा जप आकड्यांचाच. हात जोडले तरी डोळा मोबाईलवर. मुळात मी घाबरट, त्यात चिडचिडी झाले होते.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात आणि त्या दिवशी ती वापरत नाहीत. हे कारखान्यात फिटर होते. सकाळी पाने-पक्कड मांडता मांडता त्यांनी छातीवरची पट्टीच काढली. "हे बी लई राबलंय. आज याला सुट्टी." मला राग आला, पण सणाच्या दिवशी वाद नको म्हणून सोडून दिलं. माझीही अक्कल गहाण पडली. पट्टीला हळदकुंकू वाहिलं आणि मोबाईल बंद करून शेजारी ठेवला.

तासाभरानं दारात एक अनोळखी बाई उभी. "मी दवाखान्यातली नर्स. आज रजेवर आहे. तुमच्या पट्टीचं काहीच दिसंना, फोन बी लागंना. मी इथं पडेगावातच राहते, म्हणून मला बघून यायला सांगितलं." शरमेनं मी पूजेतली पट्टी आणि मोबाईल तिच्यापुढं ठेवला. तिनं मोबाईल सुरू केला, दवाखान्यानं दिलेल्या डब्यातली नवी पट्टी ह्यांना लावली आणि तिचा चेहरा उतरला. ठोके वेडेवाकडे पडत होते. हे मात्र म्हणत होते, "मला काय नाय झालं."

तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडीत ड्रायव्हर एकटाच, म्हणून तीही चढली. क्रांती चौकाच्या अलीकडं ह्यांची मान कलली. ती छाती दाबत राहिली, मी पाय धरून बसले. काय मागावं तेही सुचेना. "आई, आता तूच बघ," एवढंच तोंडातून निघालं. दवाखान्याच्या फाटकात ह्यांनी श्वास घेतला.

पट्टी अंगावर असती तर फोन आला असता, आणि आम्ही दोघंच रिक्षानं निघालो असतो. वाटेत मी एकटी काय करणार होते? ह्याचा अर्थ लावण्याइतकी मी शहाणी नाही. आमची चूक ती चूकच. त्या बाईचे हात धरून मी रडले. नऊ दिवसांचा उपवास होता तिचा, हे नंतर कळलं.

पट्टी आता कोणत्याही सणाला निघत नाही. आकडेही मी बघते, ते माझं कामच आहे. पण राखणारी देवी आहे, हे पटल्यापासून मला झोप लागते. शेजारी हे घोरत असतात, आणि ते घोरणंसुद्धा मला गोड लागतं.