पायांनी ओळखलेल्या जागा

वाद्यवृंदातले झाडून सगळे बसून वाजवत. उभे राहत ते एकटेच. म्हणून त्यांचं नाव उभेकाका पडलं, आणि खरं नाव दाखल्यांपुरतं उरलं. त्यांचं वाद्य डबल बास. व्हायोलिनचा थोरला भाऊच तो, पण माणसापेक्षा हातभर उंच. तळाचा लोखंडी खिळा जमिनीवर टेकवायचा आणि मिठी मारून वाजवायचं. उभेकाका स्वतः जेमतेम पाच फूट. "नाकापेक्षा मोती जड!" असं बायको चाळीस वर्षं म्हणत आली, आणि जिना उतरताना वाद्याची खालची बाजू चाळीस वर्षं तिनंच धरली.

दिवसा छापखान्यात कागद कापायचे आणि संध्याकाळी वाजवायचं, असा त्यांचा जन्म गेला. कुठेही कार्यक्रम असो, गेल्या गेल्या ते आधी बूट-मोजे काढत आणि रंगमंचावर अनवाणी उभे राहत. बाकीचे दिवे बघत, खुर्च्या बघत, चहा कुठे मिळतो ते बघत. हे तळव्यांनी जमीन बघत. गिरणीच्या उपाहारगृहातली सिमेंटची जमीन त्यांना आठवे ती ढिम्म म्हणून. कितीही जीव ओतून वाजवा, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखं. शाळेच्या सभागृहात बाकं जोडून रंगमंच केलेला असायचा, तिथे प्रत्येक सुराला एखादं बाक कुरकुरून साथ द्यायचं. एका क्लबाची नाचाची जमीन तर अशी लवचिक होती, की दोन तास वाजवून ते थांबले तेव्हा वाद्यासकट पडद्यापाशी पोचलेले होते. झाड तोडून, चिरून, खिळे ठोकूनही लाकूड एवढं बोलतं, याचं त्यांना आयुष्यभर नवल वाटलं. चारचौघांत ते असं काही म्हणाले की लोक विषय बदलत.

पण या सगळ्या जागा एका बाजूला आणि जुनं नाट्यगृह एका बाजूला. तेविसाव्या वर्षी तिथे पहिल्यांदा उभे राहून त्यांनी जाड तारेवर गज ओढला, आणि पायाखालून कुणीतरी 'हो' म्हणावं तसा तोच सूर फळ्यांतून वर आला. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. कार्यक्रमानंतर बहिणीची एक मैत्रीण भेटायला आली. म्हणाली, "मी बाराव्या रांगेत होते. तुम्ही वाजवलंत ते माझ्या चपलांतून वर आलं हो!" हे जिला कळलं तिला सोडायचं नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. पुढच्या वर्षी ती त्यांची बायको झाली.

तेच नाट्यगृह तीन वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं आणि आता उघडणार होतं. पहिल्याच कार्यक्रमात संचालन करणाऱ्या बाईंनी उभेकाकांना आठ आवर्तनं एकट्यानं वाजवायला दिली. बाकी सगळे गप्प, दिवे मंद, फक्त बास. एकेचाळीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. "या जागेवर पूर्वी वाजवलेले तुम्ही एकटेच उरलात," बाई म्हणाल्या. उभेकाका हसले, मान डोलावली आणि घरी येऊन पलंगावर मटकन बसले.

कारण त्यांचे कान गेले होते. कानात यंत्र घातलं की समोरच्याचं बोलणं कळे, पण संगीत म्हणजे फडताळातली भांडी कोसळल्यासारखं येई. यंत्र झाकायला त्यांनी केस वाढवले होते. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला चळ लागला. वाजवायच्या वेळी ते यंत्र काढून ठेवत आणि तालमीच्या खोलीच्या लाकडी जमिनीतून ढोल, चेलो, सगळ्यांना पायांनी ऐकत. वर्षभर हे एकट्या बायकोला माहीत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तालीम होती. रंगमंच नव्या नवरीसारखा चकचकत होता. उभेकाकांनी बूट काढले, यंत्र खिशात टाकलं आणि गज ओढला.

पायाखालून काहीच आलं नाही.

पुन्हा ओढला. ओलं पोतं. ढोलवाल्याचा हात वर-खाली होताना दिसत होता, पण फळ्या मुक्या. आता पायही गेले, असंच त्यांना वाटलं. दोनदा त्यांची जागा चुकली. तिसऱ्यांदा बाईंनी हात थांबवले आणि त्या काहीतरी बोलल्या. उभेकाकांनी घाईघाईनं यंत्र कानात घातलं.

"काका, कुठे आहात तुम्ही?"

"लाकूड बदललंय इथलं," ते कसेबसे म्हणाले.

रंगमंचाच्या कडेला पट्टी ठोकत बसलेला सुतार उसळलाच. "एक फळी बदललेली नाही! रंधा मारून तीच बसवलीय. खालच्या तुळयासुद्धा त्याच, इथून थेट मागच्या खुर्च्यांपर्यंत गेलेल्या."

"मग खाली काय आहे?"

आता शेजारी उभ्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाची कळी खुलली. नीटनेटकेपणाचा त्याला भारी अभिमान. "बाहेर एक तरी मोडकी खुर्ची दिसतेय का? नाही ना? सगळ्या खाली घातल्यात. दोनशे. वरून जुने पडदे कोंबलेत गच्च. उंदीरही शिरायचा नाही!"

"काढा," उभेकाका म्हणाले.

"आज? अहो, उद्घाटन आहे! उद्या बघू."

बाई घड्याळाकडे बघत होत्या. चाळीस वादक खोळंबले होते. उभेकाकांना वाटलं, तब्येतीचं कारण सांगावं आणि घरी जावं. मग त्यांनी कानांवरचे केस मागे सारले आणि कानातलं यंत्र सगळ्यांना दाखवलं.

"मला ऐकू येत नाही. वर्षभर पायांनी वाजवतोय. ही जमीन बोलली नाही तर मला जमायचं नाही."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "वर्षभर?" त्या हळूच म्हणाल्या. "वर्षभरात तुमचा एक ठोका चुकला नाही, काका." आणि मग एकदम कडाडल्या, "ताकाला जाऊन भांडं कसलं लपवता! आधी बोलायला काय झालं होतं?" त्यांनी छडी ठेवली, बाह्या सारल्या. "चला रे सगळे. खुर्च्या काढा."

सुतारानं रंगमंचाची झडप उघडली. व्हायोलिनवाले, बासरीवाला, ढोलवाला, सगळे रांगेत उभे राहिले आणि हातोहात खुर्च्या बाहेर आल्या. ज्या बोटांना ओरखडा नको म्हणून लोक थंडी नसताना हातमोजे घालत, त्या बोटांनी धूळ उपसली. व्यवस्थापक डोक्याला हात लावून मागच्या अंगणात पसारा मोजत बसला. दुपार झाली तेव्हा शेवटचा पडदा निघाला. उभेकाकांनी गज ओढला.

'हो,' जमीन म्हणाली.

त्यांना रडू आवरलं नाही. त्यांनी आवरायचा प्रयत्नही केला नाही.

संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरलं. त्यांची जागा आली तसे दिवे मंद झाले, एवढे की बाईंचा हातही नीट दिसेना. इतक्यात फळ्यांतून स्पष्ट आलं: ठप, ठप, ठप, ठप. उभेकाकांनी निरखून पाहिलं. बाईंचे बूट पडद्यापाशी पडले होते आणि अनवाणी टाचेनं त्या ठेका देत होत्या.

उभेकाका वाजवू लागले. आठ आवर्तनं त्यांनी डोळे मिटून वाजवली. तेविसाव्या वर्षीचा सूर जसाच्या तसा खाली थांबलेला होता. त्यांनी फक्त हाक मारली आणि तो वर आला. मग बाकीचे सगळे सामील झाले, रचना संपली, गज थांबला.

आणि जमीन थरथरू लागली. वाजवणं थांबलं होतं, तरी थरथर वाढतच होती. उभेकाका दचकले. त्यांनी शेजारच्या चेलोवालीला विचारलं, "काय पडलं?"

तिनं डोळे पुसत समोर बोट दाखवलं. सगळे लोक उठले होते. बाराव्या रांगेत त्यांची बायको टाळ्या वाजवत नव्हती. हातात चपला घेऊन ती दोन्ही पाय जमिनीवर दणदण आपटत होती, आणि तिचं बघून सगळं नाट्यगृह पाय आपटत होतं.