तोमोकोबाईंचा वाडगा आणि आमचं घंगाळ

आता तुमच्यापासून काय लपवायचं? साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. उद्या भाजीवाल्याकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

उभी नोकरी मी फौजेच्या स्टोअरमध्ये काढली. ब्लँकेटपासून बुटाच्या लेसपर्यंत सगळं माझ्या ताब्यात. कधी वस्तू हरवली नाही, कधी फुटली नाही. साहेब लोक म्हणायचे, हवालदाराच्या हातात दिलं म्हणजे बँकेत ठेवलं. आणि साताऱ्यात घर बांधून आरामात बसल्यावर एका परदेशी बाईंनी विश्वासानं हातात दिलेली वस्तू मी... पण थांबा, क्रमानं सांगतो. चहा घ्या तोवर.

झालं असं, की आमच्या घरामागच्या हॉलमध्ये जपानी भांड्यांचा बाजार भरला. एमआयडीसीतल्या एका कंपनीची जपानशी भागीदारी आहे. त्यांनी तिकडचे कुंभार बोलावले, मांडण्या लावल्या, बाहेर बोर्ड टांगला. मी म्हटलं, कुंभार बघायला हॉलमध्ये कशाला जायचं? कराडला कुंभारवाड्यात जावं, हवे तेवढे बघावेत!

सुमन, म्हणजे आमची मंडळी. माहेर दुष्काळी कवठे महांकाळचं, त्यामुळे बोलणं आणि पाणी दोन्ही जपून वापरते. ती म्हणाली, "आवं, घराम्हागं जपान आलंय आन् तुमी हितं पेपर वाचत बसणार व्हय?"

गेलो.

आणि खरं सांगू? आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकलो. कुंभार म्हणजे माठ, पणत्या आणि संक्रांतीची सुगडी, एवढंच मला माहीत. इथे प्रत्येकाची तऱ्हा निराळी. एक आजोबा जन्मभर फक्त चहाच्या किटल्या करत आलेले. झाकण असं बसतं की दोघांमधून वारा जाणार नाही. एक जोडपं होतं. नवरा ताटली घडवतो आणि बायको तिच्यावर मासे रंगवते. मासा वाकडा आला की बायको नवऱ्याला बोलते, तुझी ताटलीच वाकडी म्हणून! म्हटलं चला, जपान काही फार लांब नाही.

गिऱ्हाईक आलं की आधी भांडं उलटं करून बूड बघायचं. मी विचारलं, भोक शोधतात की काय? तर बुडाला करणाऱ्याची सही असते. आपल्याकडे नाही का, स्टीलच्या डब्यावर 'मामाकडून सप्रेम' असं कोरलेलं असतं, तसंच.

हे सगळं मला समजावून सांगत होती शेजारची अनघा. पोरगी जपानी शिकलेली, म्हणून दुभाषी तिलाच नेमलेलं. तिनंच मला तोमोकोबाईंच्या मांडणीपुढे उभं केलं. बाई पन्नाशीच्या, अंगानं काटकुळ्या, पण हात पाहाल तर उसाच्या फडात राबल्यासारखे रापलेले. त्यांच्यासमोर एक करडा, खडबडीत घडा होता. ना चकाकी, ना रंग. मी उचलला, निरखला आणि निकाल देऊन टाकला.

"अनघा, बाईंना सांग, ह्यो कच्चा ऱ्हायलाय. भट्टी मधीच इझली आसंल."

"काका, असं नका ना बोलू!"

"अगं सांग की! खरं सांगायला काय हरकत हाय?"

तिनं सांगितलं. तोमोकोबाईंनी तोंडावर हात धरला आणि खुदुखुदु हसल्या. मग बराच वेळ बोलल्या.

अनघा म्हणाली, "काका, हा घडा दिवसरात्र लाकडाच्या आगीत होता. तो असाच दिसावा म्हणून एवढा खटाटोप केलाय. आणि टिचकी मारून बघा म्हणतायत."

टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा खणखणला! मागे आमच्याच गल्लीतली चार माणसं उभी होती. ती अशी हसली की काय सांगू! मी मात्र एक धडा मनात पक्का कोरून ठेवला. जपानी वस्तू कच्ची दिसली की ती पक्की समजायची. हा धडा लक्षात ठेवा, याच धड्यानं घात केला.

पण बाई मोठ्या मनाच्या. त्यांनी मला बसवलं, चहा पाजला. हिरवा, बिनसाखरेचा, बिनदुधाचा. मी फौजी माणूस, तोही प्यालो. मग रोजच जायला लागलो. मी त्यांना आलं-लिंबू घातलेला उसाचा रस नेऊन द्यायचो, त्या मला चहा द्यायच्या. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण भांडणही होत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला घरी कधी साधलं नाही.

हॉलच्या मागे बसून त्या एक वाडगा घडवत होत्या. माती कराडची, नदीकाठच्या गाळाची. साताऱ्यात आल्यापासून जिकडे तिकडे ऊस बघून त्यांना उसाचं भारी कौतुक. म्हणून वाडग्याच्या अंगावर उसाचं पातं दाबून त्याचा ठसा उठवलेला, शीर न् शीर दिसत होती. अनघा म्हणाली, "इथल्या मातीचा आहे, तो इथेच राहावा असं त्यांच्या मनात आहे. चार दिवसांनी समारोपाला सगळ्यांसमोर आणायचाय. इकडे आल्यापासून त्यांनी सगळ्यात जास्त जीव यातच ओतलाय."

तेवढ्यात निरोप आला, दुपारी शाळेची पोरं बाजार बघायला येणार. तोमोकोबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. वाडगा ठेवायचा कुठे?

आता अशा वेळी गप्प बसेल तो मी कसला! छाती पुढे काढली. "माझ्याकडं द्या. आख्ख्या पलटणीचं स्टोअर सांभाळलंय म्या!"

बाईंनी दोन्ही हातांनी वाडगा दिला, वाकल्या. मीही दोन्ही हातांनी घेतला, वाकलो. अनघा म्हणाली, "काका, लय नाजूक आहे हं." बस, एवढंच म्हणाली.

घरी आणून टेबलावर ठेवला. बघितलं तर फिकट, कोरडा, हात लावला की बोटाला पूड लागणारा. तुम्ही म्हणाल, हवालदार, कच्चा आहे हे कळलं नाही? अहो, कळलं की! पण मी आता शहाणा झालो होतो ना! म्हटलं, इतका कच्चा दिसतोय म्हणजे किती पक्का असेल!

हॉलमागे भट्टी रचत होते, तीही मी पाहिली होती. पण ती बाजारात आलेल्या कराडच्या एका कुंभारदादांनी आणलेल्या कच्च्या पेल्यांसाठी, असं मी माझ्या मनानंच ठरवून टाकलं.

आणि मग माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. समारोपाला मोठे पाहुणे येणार, या वाडग्यात चहा ओतणार. नवं मातीचं भांडं भिजवल्याशिवाय वापरलं तर झिरपतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाहुण्यांच्या कपड्यांवर चहा ठिबकला तर? बाईंची अब्रू गेली, साताऱ्याची गेली! आता बाई परक्या मुलखातल्या, त्यांच्याकडे ही रीत असेल नसेल. मी काढलं माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ.

सुमन दारात येऊन उभी राहिली. "आवं, त्या बाईला इचारा तरी."

"यात काय इचारायचं? नवं भांडं भिजवत्यात. तुमच्या कवठ्यात न्हाईत भिजवत?"

"भिजवत्यात की. पर आपलं आपल्या मनानं आन् दुसऱ्याचं इचारून."

मी ऐकलं नाही. घंगाळ काठोकाठ भरलं आणि वाडगा अलगद आत सोडला. काय बुडबुडे आले म्हणून सांगू!

"बघ, बघ कसं पितंय! लय तहानलंय बिचारं!"

"पितंय खरं. पर पानी का गढूळ झालंय?"

"रंग सोडत आसंल. नवा सदरा पहिल्या धुण्यात न्हाई सोडत?"

मी निवांत जाऊन पेपर वाचत पडलो. डोळा लागला. उठून बघतो तर घंगाळात वाडगा नाही!

"सुमन, वाडगा कुठं ठेवलास?"

"म्या कशाला हात लावू?"

मी बाही वर करून पाण्यात हात घातला. बुडाशी मऊ मऊ काहीतरी लागलं. वर काढलं तर मूठभर चिखल. सीमेवर कधी एवढा घाबरलो नव्हतो. खरं म्हणजे सीमेवर मी स्टोअरमध्येच होतो, पण तरी.

मग काय विचारता! पंचा आणून पाणी गाळलं. चिखलाचा गोळा करून परत वाडगा घडवायला बसलो. एक बाजू उभी केली की दुसरी लवंडायची.

"सुमन, तू रोज कणीक मळतीस, कायतरी कर की!"

"कणीक असती तर केलं असतं. ह्याचं पिठलं झालंय!"

मांजरानं पाडला म्हणून सांगावं का? पण मग तुकडे कुठून आणायचे? चोरीला गेला म्हणावं, तर हवालदाराच्या घरी चोरी! माझी अशी उलघाल चाललेली असताना सुमननं पदर खोचला, चिखल परत घंगाळात टाकला आणि त्याची एक कडी धरली.

"धरा तिकडनं. जे झालं ते सांगायचं."

निघालो दोघं. गल्लीत एकानं विचारलंच, "काय हवालदार, गंगा आणलीसा काय?"

हॉलमध्ये पोरं येऊन गेली होती आणि हॉल शांत होता. एकही भांडं फुटलं नव्हतं. ऐकलंत? एकही नाही! फक्त सुरक्षित जागी ठेवलेलं तेवढं गेलं होतं.

तोमोकोबाईंनी आधी घंगाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अनघानं तर कपाळाला हात लावला. "काका, तो कच्चा होता! उद्या भट्टीत जायचा होता!"

"मग तसं सांगायचं न्हाई व्हय?"

"त्यात सांगायचं काय? दिसत होतं की!"

"दिसत होतं म्हणूनच तर!"

बाईंनी घंगाळात हात घातला आणि तळाचा चिखल बोटांत घेऊन बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मला फार वाईट वाटलं हो. रागावल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

पण त्यांनी काय करावं? हात पुसले आणि माझ्यापुढे वाकल्या! अनघा म्हणाली, "माफी मागतायत. कच्चा आहे हे नीट सांगायला हवं होतं म्हणतायत."

आता चूक माझी आणि माफी त्या मागणार? मी त्यांच्याहून खाली वाकलो. त्या आणखी वाकल्या. मी आणखी. माघार घ्यायची नाही, पलटणीचा नियम! शेवटी कमरेत अशी चमक भरली की मी तसाच वाकलेला राहिलो.

"आता ऱ्हाऊ द्या," सुमन म्हणाली, "न्हाईतर तुमास्नीबी घंगाळात घालून न्यावं लागंल."

त्याचं मात्र अनघानं भाषांतर केलं आणि तोमोकोबाई अखेर हसल्या. म्हणाल्या, भाजल्यावर फुटला असता तर खापर झालं असतं. भिजलाय, म्हणजे माती अजून हातात आहे. मला पाटावर बसवलं आणि तो चिखल घोटायला लावला. कंबर धरून घोटला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभारदादांचे कच्चे पेले त्यांनी त्यातच बुडवून काढले, एकेकावर उसाचं पातं दाबलं, उन्हात सुकवले आणि ते भट्टीत गेले. वाडगा काही राहिला नाही, पण पेले निघाले झकास. समारोपात एक पेला बाईंनी मला दिला, तोही सगळ्यांसमोर! माझे डोळे भरून आले. अनघा कानाशी काहीतरी सूचना सांगत होती. मी म्हटलं, "कळलं पोरी, कळलं. एकदा पोळलोय, आता फुंकून पिणार."

परत जायच्या आधी बाई आमच्याकडे चहाला आल्या. सुमन सकाळीच म्हणाली, "आवं, नवा पेला हाय, घटकाभर भिजवू का?"

"खबरदार! पाण्याचं नाव काढशील तर!" मी पेला कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली.

बाई आल्या, सोबत अनघा आणि कंपनीचे साहेब. मी पांढराशुभ्र पायजमा घालून, पेल्यात आल्याचा चहा घेऊन, पेला मांडीवर ठेवून ऐटीत बसलो. गप्पा रंगल्या. त्यांनी पेल्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. अनघा म्हणाली, "भिजवला होतात ना, विचारतायत."

मी छाती फुगवली. "एक थेंब लागू दिला न्हाई म्हणावं!"

अनघाचा चेहरा पांढरा पडला. "काका! भट्टीतनं निघाल्यावर भिजवायचा असतो! बाईंच्या गावातही नवा पेला आधी भिजवतात. परवा तेच तर सांगत होते!"

मी खाली बघितलं. पेल्याला घाम फुटला होता. दूध-साखर घातलेला घाम! आणि तो सगळा माझ्या मांडीवर उतरला होता. तेवढ्यात कंपनीचे साहेब दारातून ओरडले, "सगळे उभे राहा, फोटो काढू!"

उभं राहावंच लागलं. सुमननं तोंडाला पदर लावला. तोमोकोबाईंनी माझ्या पायजम्याकडे पाहिलं, अदबीनं वाकल्या आणि हळूच अनघाला काहीतरी म्हणाल्या. अनघा सांगेचना. मीच म्हटलं, "बोल गं, आता कशाला लाजतीस?"

"काका, बाई म्हणतायत, पुढच्या खेपेला फक्त पेलाच भिजवा."