रफू केलेला कोट

माझी ताई रफू करते. ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खिडकीपाशी एक टेबल, एक दिवा, बस्स. कुणाचा कोट खिळ्याला अडकून फाटला की तो तिच्याकडे येतो. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती धागे ओढून काढते आणि फाटलेल्या जागी एक वर, एक खाली असे विणत जाते. वरून वाफेची इस्त्री मारली की फाटलं कुठे होतं ते मालकालाही सापडत नाही. एक गिऱ्हाईक तर भांडायलाच उठलं होतं, की हा माझा कोट नाहीच, तुम्ही बदललाय.

याच सफाईपायी ती कोर्टात गोत्यात आली.

तिला सहा वर्षांची मुलगी आहे, आम्ही तिला गुंडी म्हणतो. ताई गुंडीला घेऊन माझ्या खोलीवर राहायला आली आणि महिन्याच्या आत दाजींनी अर्ज टाकला, मुलीचा ताबा मला द्या. ताबा. गोडाऊनचा घेतात तसा.

दाजी मारायचे हे मला ती आल्यावर कळलं. खरं सांगते, आधी पटलं नाही. माणूस साखरेत घोळलेला. मला बारकी म्हणायचा, हातातली पिशवी काढून घ्यायचा. मी ताईला विचारलं, खरंच का गं? ती गुंडीची वेणी घालत राहिली. मी ते विचारलं याचा मला अजून स्वतःचा राग येतो. तेव्हापासून कुणी गोड बोललं की मी आधी त्याचे हात बघते. आणि कोर्टात सगळेच गोड बोलतात.

आमची वकीलबाईसुद्धा. ती म्हणाली, मारहाणीचं आत्ता काढू नका. तुम्ही पोलिसात गेला नाहीत, दवाखान्याचा कागद नाही. मूल मिळवायला रचलंय म्हणतील, आणि लेकीचे बापाविरुद्ध कान भरते असा शिक्का बसला की तो निघत नाही. मला वाटलं ही त्यांना सामील आहे. दोन तारखा मी तिच्यावर पाळत ठेवली, कँटीनमध्ये कुणाबरोबर बसते ते बघायला. ती एकटीच बसायची, फायलीवर बिस्किटाचा चुरा सांडत.

ताईनं तिचं ऐकलं नाही. जजसाहेबांपुढे सगळं सांगितलं. पुरावा काय, असं त्यांनी विचारलं तर म्हणाली, कोट आहे. कामावर निघताना त्यांनी मला बाहीला धरून मागे खेचलं, खांद्यापासून कोपरापर्यंत फाटला.

पुढच्या तारखेला तिनं कोट आणला. दाजींच्या वकिलानं तो उजेडाकडे धरला, बाही फिरवली, खांदा चाचपला आणि म्हणाला, "साहेब, हा तर माझ्या कोटापेक्षा धड आहे."

लोक हसले. दाजी हसले नाहीत. मान खाली घालून बसले, बिच्चारे.

बाहेर आल्यावर मी ताईवर तुटून पडले. पुरावा कुणी रफू करून ठेवतं का? तिला माझा प्रश्नच कळेना. "फाटकं तसंच कसं ठेवायचं?" म्हणाली. "दुसऱ्या दिवशी कामावर घालायचा होता मला."

जजसाहेबांनी प्रकरण समुपदेशक बाईंकडे पाठवलं. निकाल लागेपर्यंत गुंडी दर शनिवार-रविवार बापाकडे राहायला जाणार का, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. त्यांच्या खोलीत एक प्लास्टिकची घसरगुंडी आणि एका चाकाचा ट्रक. तिथे गुंडीला तासभर दाजींजवळ बसवलं. मी दाराच्या काचेतून बघत होते. गुंडी रेघेच्या आत रंग भरत होती, विचारेल त्याला हो म्हणत होती. समुपदेशक बाईंनी मोठ्यानं म्हणत लिहिलं, मुलगी वडिलांजवळ शांत असते.

मी आत घुसले. म्हटलं, बाई, ही पोरगी झोपेतसुद्धा गप्प नसते, इथे गप्प का आहे ते लिहा ना.

"तुम्ही कोण?"

"मावशी."

"मावशी, बाहेर थांबा."

मग दाजी गेले आणि ताईची पाळी आली. दार अर्धवट उघडं होतं, मी तिथेच उभी राहिले. ताईनं टाचणी मागितली, कारण तिची कात्री दर तारखेला गेटवर काढून घेतात. टाचणीनं तिनं कोटाच्या अस्तराची शिवण उसवली आणि बाही उलटी केली. उलट्या बाजूला तोडलेल्या धाग्यांची टोकं उभी होती, खांद्यापासून कोपरापर्यंत, मुंग्यांची रांग लागावी तशी. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, कोट दारात अडकूनही फाटतो.

ताईनं बाही सुलटी केली. मग म्हणाली, "गुंडीचा गणवेशपण आहे. मागे, मानेपाशी धरून तिलाही खेचलं. कोट फाटला त्याच सकाळी शाळेच्या बाईंनी पिन लावली आणि डायरीत तारखेसकट शेरा लिहिला, गणवेश नीट करून पाठवा."

हे तिनं मलाही सांगितलं नव्हतं.

समुपदेशक बाईंनी विचारलं, "मग तेव्हाच का निघाला नाहीत?"

हाच प्रश्न येणार हे तिला माहीत होतं, म्हणून गणवेशाबद्दल ती इतके दिवस मूग गिळून होती. खोटं सांगता आलं असतं. "घाबरले," ती म्हणाली. "चार महिने घाबरून काढले. लिहा तसं."

डायरी बघितली, शाळेच्या बाईंना फोन झाला. हुकूम आला. गुंडी आत्ता आईकडेच राहील, वडिलांनी शनिवारी एक तास त्याच खोलीत, समुपदेशकासमोर भेटावं. आणि खाली एक ओळ, आईनेही मुलीला वेळीच दूर नेले नाही. वकीलबाई म्हणाली, ती ओळ मनावर घेऊ नका. मी घेतली. अशी ओळ कुणी उगाच लिहीत नाही, कधीतरी वापरायला ठेवतात.

पहिल्या शनिवारी दाजी वेळेवर आले. शर्टाचा खिसा एका कोपऱ्यात फाटलेला. बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं ताईला म्हणाले, "एवढा रफू करून देतेस का? तुझ्या हातासारखा कुणाचाच हात नाही बघ."

नाही म्हटलं तर ती आडमुठी, हो म्हटलं तर यांच्यात काही बिनसलेलंच नाही.

ताई म्हणाली, "दुकानात टाका. पावती मिळेल."

गुंडी बापाचा खिसा बघत होती. समुपदेशक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून वाचायला गेले, तर त्यांनी वर हात ठेवला.