नवऱ्याच्या वतीने चढलेला पिरॅमिड

पिरॅमिड चढायला मी नवऱ्याच्या वतीने गेले होते. मला स्वतःला पिरॅमिडचं काही पडलेलं नव्हतं. राजेलोकांनी स्वतःसाठी उंच जागा बांधून घ्याव्यात आणि दगड दुसऱ्यांनी वाहावेत, यात जाऊन बघण्यासारखं काय आहे, असं माझं मत होतं. कुवेतच्या एका सरकारी हॉस्पिटलात बरीच वर्षं भूल देण्याचं काम केल्यावर ते मत आणखी पक्कं झालं होतं. बड्या माणसाचं ऑपरेशन असलं की थिएटरबाहेर फुलांचे एवढे मोठाले गुच्छ यायचे की स्ट्रेचर आत न्यायला वाट राहायची नाही. टेबलावर घेतल्यावर मात्र सगळे सारखेच घोरायचे.

यजमानांचं तसं नव्हतं. ते कुवेतच्या राई भागातल्या एका शोरूमच्या गोदामाचे व्यवस्थापक. फ्रीज आणि एसीच्या खोक्यांतलं थर्मोकोल त्यांना फुकट मिळायचं, आणि फुकट थर्मोकोल मिळणाऱ्या मराठी माणसाचं पुढे जे होतं तेच त्यांचं झालं. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरास कायमची त्यांच्या गळ्यात पडली. कुवेतमध्ये गणपती म्हणजे जाहीर काही नाही. दरवर्षी कुणा एकाच्या फ्लॅटमध्ये, पडदे ओढून, आरत्याही दबक्या आवाजात. १९९० साली पाळी आमची होती, हवल्लीतल्या चौथ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटची. उन्हाळ्याच्या तोंडावर झालेल्या बैठकीत अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदा माया संस्कृतीचा पिरॅमिड करायचा.

“माया लोक म्हणजे कोण?” त्यांनी विचारलं. ते बांधकामाच्या कंत्राटात होते आणि प्रश्न विचारून आपणच उत्तर द्यायची त्यांना सवय होती. “आपल्या मयासुराचे वंशज! पांडवांची मयसभा बांधली तो. इथलं काम संपल्यावर गेला पाताळात. पाताळ म्हणजे मेक्सिको.”

“मग ते मोदक का करत नाहीत?” मी विचारलं.

“वहिनी, तुम्ही पेशंटला भूल द्या, आम्हाला जरा जागं राहू द्या.”

सगळे हसले. यजमान सगळ्यांत मोठ्याने हसले. घरी आल्यावर म्हणाले, “कशाला त्यांच्या नादी लागतेस? मयासुर असो नाही तर कुणी असो. मला त्या पायऱ्या करून बघायच्यात.”

माझी बहीण ह्यूस्टनला होती. जुलैमध्ये दोघांनी तिच्याकडे जायचं आणि तिथून चार दिवस मेक्सिकोत पिरॅमिड बघायला, असं ठरलं. पण एसी विकणाऱ्या शोरूममध्ये जुलैत रजा मागणं म्हणजे हलवायाने दिवाळीत गावाला जाणं. रजा नामंजूर झाली. यजमान म्हणाले, “तू जा. फोटो काढ. आणि पायरीची उंची-रुंदी मोजून आण. पुस्तकातल्या चित्रांवरून अंदाज येत नाही.”

अशी मी युकातानच्या जंगलात एकटी उभी होते. एकटी म्हणजे बसमध्ये माणसं भरपूर होती, पण सगळी जोडीजोडीने. कुवेतचा उकाडा अंगाला भाजतो, इथला चिकटत होता. झाडं इतकी दाट की पिरॅमिड समोर येईपर्यंत दिसलाच नाही. पायवाट वळली आणि एकदम काळसर दगडांची भिंतच आकाशात गेलेली. तिला पायऱ्या होत्या म्हणून ती भिंत नव्हे, एवढंच. मधोमध एक जाड दोर वरपासून खालपर्यंत सोडलेला होता.

आमचा गाइड गळ्यात शिट्टी घातलेला, पोट सुटलेला गृहस्थ होता. त्याने सांगितलं की पायऱ्या मुद्दाम उंच आणि अरुंद केल्या आहेत, म्हणजे चढणाऱ्याला वाकूनच वर जावं लागतं आणि राजापुढे कुणी ताठ येत नाही. मग शिट्टी फुंकून स्वतः सावलीत बसला. एका अमेरिकन बाईने त्याला विचारलं, “तुम्ही नाही येत?” तो म्हणाला, “बाई, माझा राजाशी काही वाद नाही.” त्या दिवसात मला पटलेलं तेवढं एकच वाक्य.

मी दोर धरून, हातापायांवर चढले. साडी न नेण्याची अक्कल बहिणीने दिली होती. पंजाबी ड्रेस होता तरी ओढणी दर तिसऱ्या पायरीला पायात यायची. अर्ध्यावर थांबून मी वितेने माप घेतलं. उंची दीड वीत, रुंदी जेमतेम एक. शेजारून उतरणारा एक म्हातारा जर्मन बसकण मारून एकेक पायरी घसरत होता. त्याने माझ्या पसरलेल्या पंजाकडे पाहिलं आणि आदराने मान लववली. त्याला बहुधा ती प्रार्थना वाटली.

वर एक खोली होती, वटवाघळांच्या वासाची. आत काही नाही. बाहेर चारी दिशांना जंगल, अगदी नजर पोचेल तिथपर्यंत हिरवं, आणि त्यात मध्येमध्ये झाडांनी भरलेले उंचवटे. तेही पिरॅमिडच, अजून कुणी उकरले नव्हते. क्षणभर माझ्याबरोबर वर कुणीच नव्हतं. मी चक्क बोलले, “अहो, बघा.” आणि मग उगाच घसा खाकरला. एवढं सगळं दिसत होतं आणि ते ज्याला बघायचं होतं तो माणूस राईच्या गोदामात खोकी मोजत होता. मला ती जागा आवडली असती तर बरं झालं असतं. मला तिथे फक्त परकं वाटलं, दुसऱ्याच्या नावाचं जेवण जेवायला बसल्यासारखं.

खाली आल्यावर बसवाल्यांनी केळीच्या पानात वाफवलेलं मक्याचं काहीतरी खायला दिलं. पान उलगडलं तर थेट आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची बहीण. अध्यक्षांच्या कानावर हा पुरावा मी कधीही जाऊ दिला नाही.

ह्यूस्टनला परतल्यावर, जुलैच्या अगदी शेवटी, कुवेतला फोन लावला.

“दीड वीत आणि एक वीत?” यजमान ओरडले. “ही काय पायरी झाली? मूर्ती वर ठेवताना कोसळेल सगळं. मी आपल्या बेताने जरा सोप्या करतो.”

“करा. अध्यक्ष चढणार आहेत का त्यावर?”

“तू ये लवकर. फोटो आण.”

दोन ऑगस्टला सकाळी बहिणीने टीव्हीकडे बोट दाखवलं. इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले होते. नंतर फोन लागला नाही. मी नाशिकला सासरी येऊन थांबले. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, तो शनिवारी यायचा, “काही कळलं?” विचारायचा आणि रविवारी जायचा. यजमान सप्टेंबरअखेर आले, बगदाद, मग अम्मान, मग विमान. वजन निम्मं झालेलं. उजवा खांदा वर उचलत नव्हता. मी तपासायला गेले तर म्हणाले, “बसमध्ये अवघडला.” मलम दिलं, व्यायाम सांगितले. बाकी काही विचारलं की “सगळ्यांचं झालं तेच” एवढंच उत्तर. ज्या माणसाला बैठकीत गप्प करायला अध्यक्षांना टेबल वाजवावं लागायचं तो नाशिकच्या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहायचा. पिरॅमिडचे फोटो मी धुवून आणले होते. त्यांनी ते पाकिटातून काढलेच नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात कुवेतच्या हॉस्पिटलातून मला परत बोलावणं आलं. यजमानांच्या शोरूमच्या मालकाचाही निरोप आला, गोदाम पुन्हा उघडतोय, ऑगस्टअखेर काय ते कळवा. मला त्यांनी यायला हवं होतं. नाशिकला ते दिवसेंदिवस आटत होते, आणि या वयात परदेशात एकटीने राहायची मला हौस नव्हती. मी तसं सांगितलंही.

“तू आधी जा,” ते म्हणाले. “घर बघ. काय उरलंय ते सांग. मग ठरवतो.”

म्हणून जुलै १९९१ मध्ये एका सुट्टीच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या वसतिगृहातून हवल्लीला गेले. तेलविहिरी अजून जळत होत्या. भर दुपारी गाड्यांचे दिवे लागलेले, आणि पांढरा कोट तासाभरात राखाडी होत होता. आमच्या बिल्डिंगखाली किराणा दुकान होतं ते एका कोकणी चाचांचं, रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या. ते आणि त्यांची बायको कुठेही गेले नव्हते. मला बघून ते काउंटरमागून बाहेर आले.

“या, डाक्टरीणबाई. साहेब कसे हायेत?”

“बरे आहेत. वर जाऊन येते.”

“लिफ्ट नाय. मी येतो संगती, जिन्यात काळोख हाय.”

चाचा पुढे टॉर्च धरून, मी मागे. फ्लॅटला दार नव्हतं. आत स्वयंपाकघरात फरशीवर फ्रीजच्या पायांचे चार ठसे. भिंतीतली बटणंसुद्धा खरवडून नेलेली. आणि हॉलमध्ये, खिडकीपाशी, तो उभा होता. थर्मोकोलचा, माझ्या छातीएवढा उंच, काजळी बसून खऱ्यासारखाच काळसर झालेला. बाकी सगळं नेलं, हा कुणाला नको होता. मी खाली बसून पायरीला हात लावला. अंगठ्याने आणि बोटाने मोजलं. उंची रुंदीच्या बरोबर दीडपट. सोप्या केल्या नव्हत्या. मी सांगितलेल्या प्रमाणात, अगदी तशाच उभ्या.

“हे कधी केलं त्यांनी?”

“तेवाच. तुमची ती लोकं सगळी निघून गेली, अध्यक्ष पयल्या आठवड्यात. साहेब राहिले. म्हणाले, गणपती झाल्याबिगर नाय जात. मूर्ती कुठली येतेय? वरती सुपारी ठेवली. मी खाली जिन्यात बसायचो. कुणी आलं तर खोकायचं, असं ठरलेलं.” चाचा हसले. “एकदा उगाच खोकला आला मला. साहेबांनी आरती अर्ध्यात गिळली.”

मीही हसले. मग विचारलं, “सामान कधी गेलं?”

चाचांनी टॉर्च खाली केला. “तुमाला सांगितलं नाय त्यांनी?”

“नाही.”

“सोल्जर आले, गणपतीनंतर. पिरॅमिड बघून विचारतात, मस्र? म्हणजे इजिप्तचा काय. साहेब म्हणाले, हो. मग सोल्जर म्हणाले, फ्रीज खाली घे. साहेबांच्या पाठीवर दिला, पट्ट्यानं बांधून. चार मजले. खाली ट्रक. तो ठेवला तर म्हणाले, आता एसी. मग तिसऱ्या मजल्याचा. मग पाचव्या. सगळ्या बिल्डिंगीचं सामान साहेबांनी उतरवलं, बाई, दोन दिवस. मी पुढं झालो तर मला बंदूक दाखवली. हा फ्रीजवाला हाय ना, म्हणाले, ह्याला येतं. कार्ड बघितलं व्हतं त्यांनी शोरूमचं. जिन्यात बसले की मारायचे. शेवटी खांद्यातून कायतरी मोडल्यासारखा आवाज झाला, तेवा सोडला. माझी बायको दूध देत व्हती तर साहेब घेईनात. म्हणाले, बाईला सांगू नका.”

चाचांनी टॉर्च जिन्याकडे वळवला. म्हणाले, “तुमी परत येताय व्हय दोघं? मालक भाडं कमी करील.”

“बघू,” मी म्हटलं.

उतरताना मी कठड्याला धरून उतरले. पिरॅमिडपाशी गाइडने सांगितलेलं राजाचं आणि वाकून चढण्याचं मला आठवलं नाही असं नाही. पण ते आता विनोदाच्या कामाचं राहिलं नव्हतं. डॉक्टर असून मी त्या खांद्याला मलम चोळलं होतं.

भारतातला फोन हॉस्पिटलच्या ऑपरेटरकडून लावून घ्यावा लागे आणि मागे नर्सेसची रांग असे. संध्याकाळी माझा नंबर आला. नाशिकला यजमानांनीच उचलला.

“गेली होतीस?”

“गेले होते. काही उरलं नाही. फ्रीज, टीव्ही, एसी, बटणंसुद्धा.”

“आणि हॉलमध्ये?”

“तो आहे. काळा पडलाय. पायऱ्या बरोबर केल्यात.”

“हं.” थोडं थांबून म्हणाले, “खाली चाचा भेटले का?”

“भेटले.”

लाइनवर खरखर चालू होती. मागची केरळी नर्स घड्याळाकडे बघत होती.

“काय म्हणत होते?”

“तुमची आठवण काढत होते. खांदा कसा आहे?”

“आहे तसाच.”

“नाशिकला एक्स-रे काढून घ्या. मलमाने नाही जायचं ते. मी चिठ्ठी पाठवते, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.”

मी दुपारपासून पाठ करून ठेवलेलं सगळं, दुसरं घर बघू, तळमजल्यावरचं बघू, सालमियाला बघू, ते तसंच तोंडात राहिलं. मी म्हटलं, “तुम्ही येऊ नका.”

“बरं,” ते म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की मी रिसीव्हर तसाच धरून उभी राहिले. निदान एकदा तरी “आणि तुझं काय?” विचारतील, असं वाटलं होतं. मग ऐकू आलं, ते श्वास सोडत होते, लांब, सावकाश, भूल उतरताना पेशंट सोडतात तसा. तो आवाज मला रोजच्या कामातून ओळखीचा होता. तो आला की आम्ही माणूस सुरक्षित आहे असं समजतो आणि नळी काढतो.

“झालं का, डॉक्टर?” नर्सने विचारलं.

“झालं,” मी म्हटलं आणि फोन तिच्या हातात दिला. माझा करार वर्षाचा होता. वसतिगृहात जेवायची वेळ झाली होती.