इस्त्री केलेल्या नोट्स

झेरॉक्सच्या मशीनमधून निघालेला कागद हाताला गरम लागला, की मला आईची इस्त्री आठवते.

आम्ही तेव्हा एकलहऱ्याच्या कॉलनीत राहायचो. बी.ए.च्या शेवटच्या पेपराला चार दिवस उरले होते आणि जिच्याकडे अर्थशास्त्राच्या नोट्स होत्या, त्या शोभाला कांजिण्या झाल्या. तिच्या भावाने नोट्स आमच्या उंबऱ्यावर ठेवल्या. मी उचलायला वाकले, तर आई ओरडली, "हात नको लावू!"

दिवसभर तिने ते कागद उन्हात पसरले, उडू नयेत म्हणून वर खडे ठेवले. मग एकेका पानावर फडकं घालून इस्त्री फिरवली. शाळा न पाहिलेली माझी आई निम्मी पानं उलटी रचत होती. मी वैतागले, "अगं, सगळं उलटसुलट केलंस!"

"तू लाव नीट. मला कुठं वाचता येतंय?"

"आणि तुला झाल्या होत्या का गं कांजिण्या कधी?"

"नाय. पण मला कुठं पेपर द्यायचाय?"

मी हसले आणि पानं जुळवत बसले.

घरातली पहिली पदवीधर मी, हे आजही ताठ मानेने सांगते. पण आई गेल्यापासून तिचं ते उत्तर आठवलं, की हसू येत नाही. त्या नोट्समधलं एखादं पान तरी मी तिला वाचून दाखवायला हवं होतं.