शालनकाकीचा घण

खंडेनवमीला आमच्या आष्ट्यातल्या वर्कशॉपच्या ओळीत सगळेच आपापल्या हत्यारांची पूजा करतात. सुतार रंध्याला कुंकू लावतो, आणि पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा मी, माझ्या वाइंडिंग मशीनला झेंडूची माळ घालतो. शेजारच्या गाळ्यात शालनकाकी झाडं तोडायची, पेट्रोलवरची, दातेरी चेनची कटरं दुरुस्त करायची. ती पूजा करायची ती फक्त घणाची. घणाला हळदकुंकू वाहायची, पदर खोचायची आणि दारातल्या दगडावर एक कटर ठेवून त्याचा चुरा होईपर्यंत हाणायची. लोक कोहळा फोडतात, ही कटर फोडायची. तुकडे माझ्या दारापर्यंत उडायचे. पहिल्या वर्षी मी तक्रार केली, तर घण न थांबवता म्हणाली, "वायरमन, दार लावून घे. आजून पट्टी राहिलीया."

फोडायची ती थोरली. हे नाव तिनंच ठेवलेलं. आपल्याकडे येणारी ही जुनी परदेशी कटरं कुठल्या कुठल्या मळ्यांत उभा जन्म राबून आलेली असतात. त्यातली दोन मॉडेलं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. तोच आकार, तीच मूठ, तोच आवाज. धाकटीच्या मुठीपुढे एक आडवं गार्ड असतं. कटर उसळून अंगावर आलं की हात त्या गार्डवर आपटतो आणि चेन जागच्या जागी थांबते. थोरली त्याच्या आधीची, तिला ब्रेकच नाही. पण काही व्यापारी दोघींना एकच लाल रंग फासतात, नंबरची पाटी उचकटतात आणि थोरलीलाही वरून एक गार्ड बोल्टनं आवळून देतात. ते गार्ड दिसायला असतं, कामाला नसतं.

म्हणून टेबलावर आलेल्या प्रत्येक कटरचा रंग काकी आधी मोडक्या उलथन्यानं खरवडायची. मग चेनच्या बाजूच्या झाकणावरून बोट फिरवायची. धाकटीच्या आत ब्रेकचा पट्टा बसलेला असतो, त्यामुळे तिचं झाकण फुगीर. थोरलीचं सपाट. "पोटुशी ती धाकटी, पोट न्हाई ती थोरली," असं गिऱ्हाइकाला सांगायची आणि सांगताना हसायची नाही. थोरली निघाली की मालकाला ती परत मिळत नसे. एकदा एका तालमीतल्या गड्यानं ती ओढून न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा काकीनं त्याच्या मनगटावर पान्हा हाणला. मग स्वतःच त्याला चहा पाजून आपल्याजवळची एक धाकटी दिली. तिचा जीव लावण्याचा प्रकार असा होता.

तिचा नवरा, नानाकाका, झाडतोडीची कामं घ्यायचा. साताऱ्याच्या बाजूला बांधावरची एक निलगिरी पाडून तो फांद्या छाटत होता. चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीचं टोक पाल्याखालच्या खोडाला लागलं, कटर उसळलं आणि त्याच्या मानेत शिरलं. काकी पलीकडेच फांद्या ओढत होती. "हात गार्डला लागला हुता त्यांचा. मी बघितला. चेन थांबली न्हाई," एवढंच ती सांगायची. ते कटर दिलं होतं तिच्या सख्ख्या दिरानं, बापूनं. त्याचा तासगाव रस्त्याला जुन्या मशिनींचा धंदा. बापूनं भावाच्या प्रेतावर हात ठेवून शपथ घेतली, "वैनी, मलाबी फसवलंया वो. दोनी सारख्याच दिसत्यात." काकीनं विश्वास ठेवला. मला वाटतं, तिला तो ठेवायचाच होता. नाहीतर दिराचा जीव घेतल्याशिवाय तिला घास गिळता आला नसता. नानाकाकाचं कटर मात्र तिनं फोडलं नाही. ते भिंतीला टांगून ठेवलं.

दोनेक वर्षांपूर्वी पूर्वेकडचा बिरा नावाचा एक मेंढपाळ तिच्याकडे कटर घेऊन आला. मेंढरांसाठी बाभळीच्या फांद्या तोडताना ते त्याच्या तोंडावर आलं होतं. जबडा टाक्यांनी शिवलेला, बोलताना लाळ गळत होती. "गार्ड हाय की काकी, तरी कसं आलं?" त्यानं विचारलं.

काकीनं रंग खरवडला. झाकण सपाट. गार्डच्या दोन्ही बोल्टांच्या डोक्यावर, ते सैल होऊ नयेत म्हणून, छिन्नीनं तिरपं ठोकलेलं होतं. तशीच तिरपी खूण भिंतीवरच्या कटरवर होती. इतके दिवस तिला वाटत होतं, ती आधीच्या कुणा व्यापाऱ्याची.

"ह्ये कुणी ठोकलं?"

"बापूनं. गार्ड न्हवतं, तर मी घ्येत न्हाई म्हनलो. मग माझ्याम्होरंच बसवून दिलं."

काकीनं घण उचलला आणि माझ्याकडे बघितलं. "गाडी काढ."

"काकी, पोलिसात जाऊया," मी म्हणालो.

"तू जा. मला आदी बापूकडं सोड."

ती मोटरसायकलवर माझ्यामागे बसली, मांडीवर घण आडवा. प्रत्येक खड्ड्याला दांडा माझ्या बरगडीत. वाटेत डोकं शांत होईल असं मला वाटलं होतं. मी तिला ओळखायला हवं होतं.

बापूच्या शेडपुढे ताजी रंगवलेली कटरं उन्हात ओळीनं मांडली होती. काकीनं एका टोकापासून सुरुवात केली. बापू काठी घेऊन धावत आला. पहिली तिच्या पाठीत बसली, दुसरीनं तिचं कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात उतरलं तरी ती हाणतच राहिली. मी मध्ये पडलो, तर त्यानं मला पत्र्यावर ढकललं.

"भाऊ खाल्लास, बापू," काकी म्हणाली.

"त्येच्या नशिबानं खाल्ला त्येला." बापूनं काठी टाकून एक कटर उचललं आणि चालू केलं. रागात त्यानं वहिनीला पहिल्यांदाच एकेरी केलं. "घण टाक. न्हाईतर हात उतरवतो तुझा."

काकीनं घण डोक्याच्या वर उगारलेला होता. बापू टप्प्यात होता. तिनं त्याच्या हातातल्या कटरकडे बघितलं आणि घण खाली आणून छातीपाशी धरला.

"बापू, थोरली हाय ती. खाली ठेव."

"माझ्या हातातली धाकटी हाय. मला शिकवू नगंस."

"झाकण बघ रं. सपाट हाय. खाली ठेव."

त्यानं बघितलं नाही. सगळ्यांना त्यानंच एका रंगात बुडवलं होतं, आता त्याला स्वतःलाच ओळखू येईना. त्यानं कटर तिच्यावर घातलं, पट्टीचं टोक घणाच्या लोखंडावर आदळलं आणि कटर उलटं उसळलं. त्याचा डावा हात गार्डवर आपटला. मी बघितला. चेन थांबली नाही.

काकीनं पदर फाडून त्याच्या दंडाला करकचून आवळला आणि टेम्पोत मिरजेच्या दवाखान्यापर्यंत त्याच्या दंडावर गुडघा रोवून बसली. तिच्या कपाळातलं रक्त त्याच्या तोंडावर ठिबकत होतं. हात कोपरापासून गेला, जीव राहिला. लाकूड कापताना लागलं, असं बापूनं पोलिसांना सांगितलं. धंदा त्यानं बंद केला.

पुढे एकदा मी काकीला विचारलं, "मारायलाच गेलता ना तुमी?"

"व्हय. घणानं मारणार हुती. थोरलीनं न्हवं. थोरलीनं कुत्रंबी मरू द्यायचं न्हाई मला."

"मग माफ केलं म्हणायचं?"

"न्हाई. दारात आला तर घण उचलंन." आणि ती जिवंत असेपर्यंत बापू आला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात काकी गेली. टेबलाशी बसल्या बसल्या, हातात उलथनं होतं. तिच्या शिव्यांशिवाय दुपार जात नाही हे मला तेव्हा कळलं, आणि कळून फार वाईट वाटलं.

खंडेनवमीला मी माळ ओवत होतो. बापू तिच्या बंद गाळ्यापुढे येऊन उभा राहिला. डावी बाही खोचलेली, उजव्या हातात एक लाल कटर. मला त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. रागानं सुई बोटात गेली.

"वैनीचा घण हाय का?" त्यानं विचारलं. "मला एका हातानं उचलायचा न्हाई."

"आता कशाला आलायस?"

तो दारातल्या त्या दगडापाशी गेला. "वैनी म्हनली हुती, खाली ठेव. ठेवायची राहिली हुती."

त्यानं कटर दगडावर ठेवलं आणि मागे सरकला. मी झाकणावरून बोट फिरवलं. सपाट होतं. मग माझ्या गाळ्यात ठेवलेला काकीचा घण घेऊन आलो.